न्यूनतम आकड्याचा अर्थ : बीड–धाराशिवची कर्करोग नोंदणी आणि वैद्यकीय संशोधनातील तिचा उपयोग – एक चिकित्सा

सारांश :
राष्ट्रीय पातळीवरील आरोग्यविषयक नोंदण्या हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा आधार मानला जातो. प्रस्तुत लेखात राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालातील उस्मानाबाद–बीड नोंदणीचा आकडा व २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात उघडकीस आलेला गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न यांचा एकत्रित विचार केला आहे. पहिल्या विषयाची नोंदणी अस्तित्वात आहे, दुसऱ्याची अखंड नोंदणी उभी राहिली नाही. आणि दुसरीच्या अभावी पहिलीचा अर्थही अपुरा राहतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कर्करोग नोंदणी, बार्शी, ऊसतोड महिला कामगार, गर्भाशय शस्त्रक्रिया, गुणवत्ता नोंदणी.

१. प्रस्तावना

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या कालखंडावर आधारलेला अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. देशातील २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांची आकडेवारी त्यात एकत्र मांडलेली आहे. वयोमानाचा फरक वजा करून काढलेल्या दरांनुसार पुरुषांमधील कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात, म्हणजे दर लाख पुरुषांमागे २६९.४ इतके आढळले. स्त्रियांमधील सर्वाधिक प्रमाण अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्यात, दर लाख स्त्रियांमागे २१९.८ असे नोंदले गेले. याच तक्त्याच्या तळाशी ‘उस्मानाबाद व बीड’ हे केंद्र आहे. तेथील पुरुषांचा दर ३९.५ आणि स्त्रियांचा ४९.४ असून, देशातील सर्व केंद्रांत तो सर्वात कमी आहे.

मराठवाड्याला बहुतेक तक्त्यांत तळाचे स्थान मिळते व ते बहुधा दुःखदायक असते. येथे मात्र तळाचे स्थान दिलासा देणारे वाटते. बीड जिल्ह्यात कर्करोग कमी आहे, असा निष्कर्ष कोणीही सहज काढील. परंतु वैद्यकीय नोंदणीतील आकडा हा रोगाचा आकडा असतो की रोग सापडण्याचा, हा प्रश्न अगोदर सोडवावा लागतो. तो न सोडवता केलेले संशोधन कितीही सांख्यिकीय अलंकारांनी नटवले, तरी त्याचा पाया कच्चाच राहतो.

या प्रश्नाला बीडमध्ये आणखी एक पदर आहे. याच जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये तरुण वयात काढली गेल्याचे २०१९ मध्ये देशासमोर आले. त्यांपैकी अनेकींनी सांगितले की, पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, अशी भीती आपल्याला घालण्यात आली होती. ज्या नोंदणी-क्षेत्रात कर्करोगाचा दर देशात सर्वात कमी नोंदला जात होता, तेथेच कर्करोगाच्या भीतीने अवयव काढले जात होते. या दोन गोष्टी परस्परांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

२. नोंदणीची संकल्पना : अंश आणि छेद

रुग्णालयातील नोंदवही आणि लोकसंख्याधारित नोंदणी यांत मूलभूत भेद आहे. रुग्णालयाची वही तेथे आलेल्या रुग्णांविषयी सांगते. जे आलेच नाहीत त्यांच्याविषयी ती मौन पाळते. लोकसंख्याधारित नोंदणीत प्रथम भौगोलिक क्षेत्र निश्चित केले जाते, तेथील कायम रहिवाशांची वय व लिंगनिहाय संख्या जनगणनेवरून घेतली जाते आणि त्या रहिवाशांपैकी कोणालाही, कोठेही कर्करोगाचे निदान झाले, तरी त्याची नोंद केली जाते. अंकगणिताच्या भाषेत सांगायचे, तर रुग्णालय केवळ अंश देते. नोंदणी अंश आणि छेद दोन्ही देते. दर काढण्यासाठी छेद लागतो, आणि दर काढल्याशिवाय तुलना संभवत नाही.

अशा नोंदणीची भारतातील परंपरा मुंबईपासून सुरू होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईची नोंदणी सुरू झाली. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाची स्थापना १९८१ मध्ये झाली आणि १९८२ पासून त्याअंतर्गत माहिती गोळा होऊ लागली. प्रारंभीच्या केंद्रांवर महानगरांची छाप होती. महानगरात निदानाची साधने असतात, शवचिकित्सा व ऊतिपरीक्षणाच्या प्रयोगशाळा असतात, मृत्यूचे कारण डॉक्टरच्या सहीने नोंदले जाते. खेड्यात यांपैकी काहीच हाताशी नसताना नोंदणी कशी करावी, याचे उत्तर मराठवाड्याच्या उंबरठ्यावर, बार्शीत शोधले गेले.

३. बार्शीचा पाया

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी यांचे या कार्यातील योगदान मोलाचे आहे.

येथील कार्यपद्धतीचे वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे. रुग्ण रुग्णालयात येईल आणि मग त्याची नोंद होईल, अशी वाट पाहणे बार्शीत शक्य नव्हते. म्हणून क्षेत्रकार्यकर्ते ठराविक काळाने प्रत्येक गावी जात, ग्रामस्थांच्या बैठका घेत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत, संशयित व्यक्तीला तपासणीसाठी प्रवृत्त करीत आणि निदान झाल्यानंतर तिच्या घरी जाऊन प्रकृतीची विचारपूस करीत. रुग्ण शोधणे आणि लोकशिक्षण ही दोन कामे एकाच पावलाने होत होती.

याचा परिणाम अभ्यासकांना पुढील काही वर्षांतच दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागले, असे डॉ. जयंत व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. वैद्यकीय संशोधनाच्या दृष्टीने हा निष्कर्ष दुहेरी महत्त्वाचा आहे. एक तर, कोणतेही महागडे यंत्र न वापरता केवळ माहितीने रोगाची अवस्था बदलू शकते, हे त्याने दाखवले. दुसरे असे की, नोंदणी ही तटस्थ आरशासारखी नसते, हेही त्यातून सिद्ध झाले. मोजणारा माणूस दारात गेला की मोजली जाणारी गोष्टही बदलते. पद्धतीच्या काटेकोर समर्थकास हा दोष वाटेल. खेड्यातल्या स्त्रीच्या बाजूने पाहता तो नोंदणीचा सर्वात मोठा गुण होय.

४. धाराशिवची चाचणी : नोंदणीचे सामर्थ्य आणि तिचे ऋण

बार्शीच्या अनुभवावर पुढे एक मोठे संशोधन उभे राहिले. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांना समाविष्ट करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची चाचणी घेण्यात आली. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कार्यक्षेत्रानुसार ५२ गावसमूह करून त्यांची चार गटांत यादृच्छिक विभागणी केली गेली. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षण, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून केलेली दृश्य तपासणी आणि चौथ्यात, म्हणजे नियंत्रण गटात, प्रचलित आरोग्यसेवा अशी ती रचना होती. डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू पावल्या. नियंत्रण गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी. पुढच्या अवस्थेतील कर्करोग पहिल्या गटात ३९ आणि नियंत्रण गटात ८२ आढळले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, असा याचा अर्थ होतो. जगभरच्या तपासणी धोरणांवर या निष्कर्षाचा प्रभाव पडला.

हे संशोधन नोंदणीवाचून अशक्य होते. सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांपैकी कोणाला पुढे कर्करोग झाला, कोण कोठे उपचार घेत आहे आणि कोणाचा मृत्यू कशाने झाला, हे आठ वर्षे शोधत राहणे गावोगाव फिरणाऱ्या नोंदणी-यंत्रणेमुळेच साध्य झाले.

परंतु याच चाचणीने नोंदणीच्या ऋणाचा प्रश्नही उभा केला. नियंत्रण गटातील स्त्रियांना तपासणी देण्यात आली नव्हती, कारण प्रचलित सेवेत ती नव्हतीच. हे समर्थन नैतिकदृष्ट्या पुरेसे आहे काय, यावर तीव्र मतभेद झाले. डॉ. एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधून भारतातील अशा चाचण्यांवर कठोर आक्षेप घेतले. चाचणीच्या समर्थकांची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे : ज्या देशात तपासणीच होत नाही, तेथे कोणती तपासणी उपयुक्त ठरेल, हे तुलनेशिवाय कसे कळणार? प्रस्तुत लेखकाच्या मते, वादाचा निर्णय काहीही लागो, त्या ६४ स्त्रियांचे मृत्यू मोजले गेले म्हणूनच इतरांना वाचवण्याचा मार्ग सापडला. ज्या प्रदेशातून हे ज्ञान मिळाले, त्या प्रदेशाला ते सर्वात आधी परत मिळणे हे किमान कर्तव्य ठरते. शेजारच्या बीड जिल्ह्यात पुढील दहा वर्षांत जे घडले, ते पाहता हे कर्तव्य पार पडले असे म्हणवत नाही.

५. बीडचा आकडा कसा वाचावा?

आता मूळ आकड्याकडे वळू. ३९.५ आणि ४९.४ हे दर खरोखर कमी रोगाचे निदर्शक आहेत की अपुऱ्या निदानाचे?

दर प्रत्यक्षात कमी असण्याच्या बाजूने काही भक्कम कारणे आहेत. बार्शीत अनेक वर्षे सक्रिय शोध घेऊनही तेथील दर मुंबईपेक्षा सातत्याने बरेच कमी राहिले. मुंबईचे दर याच अहवालात स्त्री आणि पुरुष दोघांमध्येही शंभरावर आहेत. लवकर विवाह, लवकर व अधिक बाळंतपणे, दीर्घकाळ स्तनपान या घटकांमुळे ग्रामीण स्त्रियांत स्तनाचा कर्करोग शहराच्या तुलनेत कमी आढळतो, ही बाबही सर्वमान्य आहे. तेव्हा बीडचा कमी दर हा निव्वळ नोंदणीचा दोष आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. नोंदणीचा दर्जा तपासण्यासाठी तीन कसोट्या सर्वसाधारणपणे लावल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्या रुग्णांचे प्रमाण किती, केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले रुग्ण किती, आणि नवे रुग्ण व कर्करोगाने झालेले मृत्यू यांचे गुणोत्तर काय, अशा त्या कसोट्या होत. यांपैकी दोन कसोट्या मृत्यूच्या कारणाची नोंद विश्वसनीय आहे, असे गृहीत धरतात. भारतात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू केवळ २२.५ टक्के होते. खेड्यात घरी झालेला मृत्यू ‘म्हातारपण’ किंवा ‘दीर्घ आजार’ या नावाखाली जातो. ज्या कसोटीने नोंदणी तपासायची, ती कसोटीच अशा ठिकाणी निरुपयोगी होते.

बीडच्या बाबतीत स्थलांतराचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडावर जातात व पट्टा पडल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, परततात. नोंदणीच्या नियमानुसार ती बीडची रहिवासी, म्हणून छेदात त्यांची गणना होते. परंतु वर्षातील सहा महिने ती जिथे असतात, तिथे त्यांना कोणी शोधत नाही. फडावर असताना रक्तस्राव सुरू झालेली स्त्री सांगली वा बेळगावच्या दवाखान्यात गेली, तर तिची माहिती बीडच्या नोंदणीपर्यंत पोहोचण्यासाठी पत्ता अचूक सांगितला जाणे, लिहिला जाणे आणि पाठवला जाणे असे तीन टप्पे पार पडावे लागतात. शिवाय मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत खाडा परवडत नसल्याने दुखणे अंगावर काढले जाते. अशी माणसे छेदात राहतात आणि अंशातून निसटतात. परिणामी दर कमी दिसतो.

६. अनुपस्थित नोंदणी : गर्भाशय शस्त्रक्रिया

जून २०१९ मध्ये शासनाने विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या सर्वेक्षणात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

या दोन आकड्यांतील फरक पद्धतीच्या दृष्टीने बोधप्रद आहे. ४,६०५ हा केवळ अंश आहे. त्या शस्त्रक्रिया किती लोकसंख्येत, कोणत्या वयात, कोणत्या कारणासाठी झाल्या, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे तो आकडा जास्त की कमी, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता आला. १३,८६१ या आकड्याला मात्र छेद आहे, आणि म्हणून त्यातून १६.८ टक्के असे प्रमाण निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशभरातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि निवडपद्धती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरी अंतर इतके मोठे आहे की, केवळ वयोरचनेने त्याचा उलगडा होईल असे वाटत नाही. येथे एक खंत नोंदवणे आवश्यक आहे. हे दोन्ही आकडे वृत्तपत्रांतील बातम्या आणि महिला संघटनांनी उठवलेला आवाज यांनंतर गोळा झाले. वर्षानुवर्षे चाललेल्या प्रक्रियेची नोंद एका हंगामाच्या संतापातून झाली.

या ठिकाणी दोन्ही नोंदींचा धागा जुळतो. गर्भाशयमुखासह गर्भाशय काढलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा वा गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. तरीही नोंदणीत दर काढताना छेदात सर्व स्त्रिया धरल्या जातात. समजा, एखाद्या गटातील १७ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. तर त्या गटातील दर लाख स्त्रियांमागे प्रत्यक्षात ८३ हजार स्त्रियांनाच या रोगाचा धोका आहे, आणि नोंदलेला दर सुमारे १.२ ने गुणल्यावर खरा धोका कळतो. ही दुरुस्ती प्रत्येक वयोगटासाठी स्वतंत्रपणे करावी लागते, कारण वय वाढते तसे शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण साचत जाते आणि गर्भाशयमुखाचा कर्करोगही बहुधा चाळिशीनंतरच वाढतो. अनेक देशांतील अभ्यासक अशी दुरुस्ती करतात. धाराशिवच्या चाचणीतही गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांनाच सामावून घेतले होते; म्हणजे संशोधकांना छेदाचे हे महत्त्व ठाऊक होते. जिल्ह्याच्या नियमित आकडेवारीत मात्र ही दुरुस्ती करायची, तर गर्भाशय नसलेल्या स्त्रियांची वयनिहाय संख्या हवी, आणि ती देणारी नोंदणी आपल्याकडे नाही.

अतिशयोक्ती टाळण्यासाठी मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. या दुरुस्तीने बीडचा न्यूनतम आकडा मुंबईच्या बरोबरीला येणार नाही. पुरुषांचा दरही देशात सर्वात कमी आहे, आणि गर्भाशय शस्त्रक्रियांचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. मुद्दा एवढाच की, स्त्रियांच्या ज्या कर्करोगाविषयी जिल्ह्यात सर्वाधिक भीती पसरवली गेली, नेमक्या त्याच कर्करोगाचा दर आपण अचूकपणे सांगू शकत नाही. काढलेले गर्भाशय ऊतिपरीक्षणासाठी पाठवले गेले नसेल, तर त्यात खरोखर रोग होता काय, हेही कायमचे अज्ञात राहते. मग अनावश्यक शस्त्रक्रिया आणि निसटलेला कर्करोग ही दोन्ही सत्ये एकाच भांड्यात फेकली जातात.

७. गुणवत्ता नोंदणीची कल्पना आणि तिच्या अटी

स्वीडनमध्ये अशा प्रश्नांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता नोंदण्यांची व्यवस्था विकसित झाली. तेथे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची नोंदणी १९७५ मध्ये आणि खुब्याच्या सांध्यांची १९७९ मध्ये सुरू झाली. शल्यचिकित्सकांनी आपापल्या कामाचे परिणाम एकत्र नोंदावेत आणि कोणत्या रुग्णालयात, कोणत्या साधनाने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते ते सर्वांनी पाहावे, हा तिचा हेतू होता. पुढे या नोंदण्या संशोधनाचे क्षेत्र बनल्या. हृदयविकाराच्या राष्ट्रीय नोंदणीचा आधार घेऊन ७,२४४ रुग्णांवर घेतलेली यादृच्छिक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतंत्र यंत्रणा न उभारता, नित्याच्या नोंदीतूनच तिचे निष्कर्ष हाती आले.

बीडच्या दृष्टीने स्वीडनमधील स्त्रीरोग शस्त्रक्रियांची नोंदणी विशेष लक्षणीय आहे. शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी आणि एक वर्षाने त्या स्त्रीलाच प्रश्नावली पाठवली जाते. त्रास कमी झाला काय, नवा त्रास सुरू झाला काय, हे तीच सांगते. डॉक्टरच्या मते यशस्वी झालेली शस्त्रक्रिया स्त्रीच्या मतेही यशस्वी ठरली काय, याची पडताळणी त्यामुळे होते. ऐन तिशीत पिशवी काढल्यानंतर कंबरदुखी, थकवा यांसारख्या तक्रारी घेऊन पुन्हा कोयता हाती घेणाऱ्या स्त्रीला हा प्रश्न आपल्याकडे कोण विचारतो?

स्वीडनची व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे उघड आहे. तेथे १९४७ पासून प्रत्येक नागरिकाला व्यक्तिगत क्रमांक आहे. २००८ च्या रुग्णमाहितीविषयक कायद्यानुसार नोंदणीची माहिती रुग्णाला दिली जाते आणि नकार देण्याचा हक्कही. आपल्याकडे २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल अभियानातून आरोग्य क्रमांक दिले जात आहेत आणि व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्या कायद्यात संशोधनासाठी सवलतीची तरतूद आहे. परंतु लहान वस्तीत किंवा तांड्यावर वय, गाव आणि आजार एवढे सांगितले, तरी नाव न सांगता व्यक्ती ओळखू येते. म्हणून संमती ही केवळ अंगठ्याची बाब न राहता, नोंद कशासाठी होत आहे हे स्त्रीला तिच्या बोलीत समजावण्याची जबाबदारी ठरते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी तो वस्तुपाठ घालून दिलेला आहे.

दुसरी अट अधिक अवघड आहे. नोंदणी ही केवळ पोलिसी तपासणी झाली, तर ती कागदावर निर्दोष आणि प्रत्यक्षात खोटी होते. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ चा. त्यानुसार सोनोग्राफीची नोंद विहित नमुन्यात करणे बंधनकारक आहे. तरीही बीड जिल्ह्यातील ० ते ६ वयोगटातील मुलींचे प्रमाण २००१ मधील दर हजारी ८९४ वरून २०११ मध्ये ८०७ इतके घसरले, आणि ते राज्यात सर्वात कमी होते. नमुना भरला गेला म्हणजे सत्य नोंदले गेले, असे समजण्याचे कारण नाही.

२०१९ नंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश दिले. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील संनियंत्रण समित्यांची त्यात तरतूद आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु परवानगीची फाईल म्हणजे नोंदणी नव्हे. परवानगी शस्त्रक्रियेपूर्वीच्या क्षणी थांबते. नोंदणीला त्या स्त्रीबरोबर पुढे चालावे लागते. शिवाय ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे, तिच्या वाट्याला परवानगीमुळे विलंब येतो काय, हेही नोंदणीच सांगू शकते.

८. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) उस्मानाबाद–बीड नोंदणीचा न्यूनतम दर काही अंशी वास्तव आणि काही अंशी अपुऱ्या निदानाचा, मृत्यूनोंदीचा व स्थलांतराचा परिणाम असण्याची शक्यता आहे. हे अंश वेगळे केल्याशिवाय तो दर उद्धृत करणे संशोधनाच्या शिस्तीला धरून नाही.

(२) गर्भाशयमुख व गर्भाशय यांच्या कर्करोगाचे बीडमधील दर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना छेदातून वगळून, वयोगटनिहाय पुन्हा काढले जावेत. त्यासाठी गर्भाशय शस्त्रक्रियांची कायमस्वरूपी जिल्हा नोंदणी हवी. तीत वय, कारण, आधी केलेले उपचार, ऊतिपरीक्षणाचा अहवाल आणि वर्षभरानंतर स्त्रीने स्वतः सांगितलेली प्रकृती या पाच बाबी असाव्यात. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा कार्याचे स्वाभाविक केंद्र ठरू शकते.

(३) नोंदणी फडापर्यंत गेली पाहिजे. हंगामात कारखान्यांच्या परिसरातील आरोग्य केंद्रांकडून मूळ जिल्ह्याकडे माहिती पाठवण्याची व्यवस्था नसेल, तर बीडचा छेद आणि बीडचा अंश कधीही एकमेकांना भेटणार नाहीत.

(४) नोंदणी अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध होतात. त्यांतील जिल्ह्यापुरता भाग दरवर्षी मराठीत, आशा कार्यकर्तीला वाचून दाखवता येईल अशा भाषेत निघावा. या कामात जिल्ह्यातील महाविद्यालयांचे संख्याशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल व मराठी हे विभाग सहज सहभागी होऊ शकतात. आपल्या शोधनिबंधांत परदेशी आकडेवारी उद्धृत करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने आपल्याच जिल्ह्याचा आकडा वाचायला घेणे अगत्याचे आहे.

राष्ट्रीय नोंदणीचा संशोधनासाठी उपयोग म्हणजे तयार तक्त्यावरून आलेख काढणे नव्हे. तक्त्यात कोण आले, कोण राहिले आणि ज्यांची नोंद झाली त्यांना तिचे काय फळ मिळाले, हे विचारणे हा त्या उपयोगाचा पहिला भाग होय. पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल असे ज्या स्त्रीला सांगितले गेले, तिला त्याच वेळी कोणी सांगायला हवे होते की, शेजारच्या जिल्ह्यात सव्वा लाखांहून अधिक बायांच्या तपासणीतून असे दिसले आहे की, एका चाचणीने या मरणाचा धोका जवळजवळ निम्मा होतो. ते सांगण्याइतके ज्ञान २००९ पासून उपलब्ध होते. ते तिच्यापर्यंत नेणारी वाट तयार करणे हे आता आपल्या विद्यापीठीय संशोधनाचे काम आहे.